लोणाडचा डोंगर आणि पायथ्याचें गांव

कल्याणास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींना काशीची, रामेश्वराची, गाणगापुराची वाट तोंडपाठ, परंतु घरापासून अवघ्या तीन कोसांवर असलेल्या लोणाडची वाट कोणी विचारली असती, तर "कोणतें लोणाड?" असें त्यांनींच उलट विचारलें असतें. प्रस्तुत लेखकाची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. शिलाहार राजांच्या लेखांत हें नांव अनेक वेळां वाचलें होतें. पण जें पुस्तकांत वाचलें, तें आपल्या शेजारीं भाताच्या खाचरांच्या कडेला उभें आहे, हें मनास कधीं नीट उमगलें नव्हतें. तें उमगण्यास निमित्त झालें आमच्या आत्याबाईंचें. महाशिवरात्रीस अंबरनाथाच्या गर्दींत आतां आपला निभाव लागत नाहीं, तेव्हां जवळपासचें एखादें निवांत, जुनें शिवालय पाहा, अशी त्यांची आज्ञा झाली. आणि माघ वद्य चतुर्दशीच्या सकाळीं आत्याबाई, आमचा कॉलेजांत शिकणारा पुतण्या आणि मी असे तिघे रिक्षानें निघालों.

कल्याणाहून पडघ्याकडे जाणारी सडक गांधारीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडते. पूल संपला, कीं शहरही संपावें अशी अपेक्षा असते. पण उंच इमारतींनीं आतां नदीपलीकडेही पाय रोवले आहेत. पुढें बापगांव लागतें. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. त्यानंतर उजवी-डावीकडे लहान लहान टेकड्या दिसूं लागतात, आणि त्यांतल्याच एका डोंगराच्या आधारानें लोणाड व त्याच्या शेजारचीं वाड्या-पाडे वसले आहेत. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणें. सह्याद्रीच्या मानानें पाहिलें तर याला डोंगर म्हणणें हें सौजन्यच. माहुलीचे सुळके किंवा मलंगगडाचा कडा ज्यानें पाहिला आहे, तो याला टेकाड म्हणेल. परंतु दगड तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर सांचून झालेला काळा कातळ. पाऊस सुमारें शंभर इंच. तें सारें पाणी डोंगरावरून धांवत येऊन खालच्या खाचरांत शिरतें, आणि तेवढ्यावर येथील भातशेती शतकानुशतकें चालत आली आहे. पावसाळा सरला, कीं डोंगर पिवळा पडतो, आणि माघांत तर कातळ तापूं लागलेला असतो.

या गांवाचें नांवच त्याचा पहिला इतिहास सांगतें. शिलाहार राजा अपराजित यानें शके ९१९ मध्यें, म्हणजे इ. स. ९९७ त, एक ताम्रपट करून दिला. भादाणें नांवाचें गांव त्यानें लोणादित्य या देवाच्या पूजेसाठीं अर्पण केलें, आणि त्या देवाचें ठिकाण लवणेतट असें सांगितलें. भादाणें गांव याच भिवंडी तालुक्यांत त्याच नांवानें आजही नांदत आहे, आणि लवणेतट म्हणजेच लोणाड असें विद्वानांनीं ठरविलें आहे. लवण म्हणजे मीठ, तट म्हणजे कांठ. आतां या गांवांत उभें राहून समुद्र कोठें दिसत नाहीं, मिठागरही नाहीं. तेव्हां हें नांव प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु भरतीचें पाणी उल्हासच्या खाडीनें कल्याणपर्यंत चढतें, आणि दुसरीकडून भिवंडीच्या खाडींत शिरतें. खाडीच्या अंगाला पिकणारें मीठ बैलांच्या पाठीवर घालून घाटावर न्यावयाचें, आणि तिकडून धान्य घेऊन उतरावयाचें, हा व्यापार कोंकणांत रेल्वे येईपर्यंत चालत होता. त्या मिठाच्या वाटेवरचें हें एक ठाणें असावें, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो वाचकांनीं घ्यावा.

त्या ताम्रपटांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस फार हृद्य वाटते. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. इ. स. ९७३ च्या सुमारास चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांचें राज्य बुडविलें. अपराजित त्यानंतर स्वतंत्र झाल्यासारखाच होता. तरी पूर्वीच्या स्वामींची वंशावळ त्यानें आपल्या दानपत्रांत आदरानें दिली आणि त्यांचें राज्य गेल्याबद्दल खेद प्रकट केला. दान एका लहानशा देवस्थानाचें, आणि त्यांत एका बुडालेल्या साम्राज्याचा शोक! लोणादित्य हा नांवावरून सूर्यदेव असावा. त्याचें देऊळ आज कोणास दाखवितां येत नाहीं. गांवांत जें आहे तें शिवालय.

आम्ही आधीं डोंगर चढावयाचें ठरविलें. कारण आत्याबाईंचें मत असें, कीं पाय ताजे आहेत तोंवर देवीचें दर्शन घ्यावें, महादेव कोठें पळून जात नाहीं. चढण फारशी नाहीं. डोंगराच्या कुशींत कातळ कोरून केलेलें एक लहान लेणें आहे. लोक त्यास खंडेश्वरीचें लेणें म्हणतात. मुळांत तें बौद्ध भिक्षूंचें, पांचव्या-सहाव्या शतकांतलें. पुढें खांबांची ओसरी, मागें दालन, आणि जवळच पाण्याचें टांकें, एवढाच संसार. अजिंठा, वेरूळ डोळ्यांपुढें ठेवून येथें येऊं नये. पण ओसरींत भिंतीवर एक मोठें शिल्प आहे. त्यांत कोणी राजपुरुष परिवारासह बसला आहे, आणि दालनाच्या दर्शनी भागीं आडवी शिल्पपट्टी कोरलेली आहे. तींतले प्रसंग जातककथेंतले असावेत. अंगावरचा दगड झिजला आहे, चेहरे पुसट झाले आहेत. तरी माणसांच्या उभें राहण्यांत, मान वळविण्यांत एक प्रकारचें मार्दव उरलें आहे. पुतण्या दिवा धरून बराच वेळ तेथें उभा होता. एरवीं तो फोनवरून डोळे काढीत नाहीं, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

भिक्षू या आडबाजूच्या डोंगरांत कां आले? तर तो डोंगर त्या काळीं आडबाजूस नव्हता. इ. स. च्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या वृत्तान्तांत कल्याण बंदराचें नांव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी वारंवार भेटतात. आणि सहाव्या शतकांत, म्हणजे जवळजवळ या लेण्याच्याच काळांत, कॉस्मस नांवाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी कल्याणचें पितळ, लांकूड आणि कापड यांची नोंद करून ठेवतो. बंदरावरून घाटाकडे जाणारे तांडे या डोंगराखालून जात असणार. पावसाळ्याचे चार महिने भिक्षूंनीं येथें काढावे आणि वाटसरूंनीं त्यांच्या भिक्षेची सोय करावी, असा तो व्यवहार. पुढें भिक्षू गेले. रिकाम्या लेण्यांत खंडेश्वरी आली, आणि आजही आसपासच्या गांवांची ती देवी आहे. आत्याबाईंनीं तिची ओटी भरली. हें पूर्वीं कोणाचें होतें, हें मीं सांगूं लागतांच त्या म्हणाल्या, "असेना. दिवा तर लागतो ना?" यावर इतिहाससंशोधकानें काय बोलावें?

खालीं येऊन शिवालय पाहिलें. अंबरनाथाचें देऊळ शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें. लोणाडचें देऊळ त्याच शिलाहारकाळाच्या घडणीचें, पण त्याच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं. तें पडकें झालें आहे. शिलाहारांच्या शिल्पींचें कसब पाहावयाचें तर अंबरनाथच पाहावें, हें खरें. परंतु मोडक्या देवळांत एक सोय असते. चुन्यावांचून दगडांत दगड कसा बसविला आहे, हें उभ्या देवळांत दिसत नाहीं, तें येथें दिसतें. शिवरात्र म्हणून बेलाचीं पानें, दूध, दोन-चार उदबत्त्या. गर्दी नव्हती. आत्याबाईंचें समाधान झालें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर कॅम्बेल साहेबांच्या देखरेखीखालीं तयार होत होतें, त्या वेळीं, १८८२ सालीं, लोणाडच्या परिसरांत दोन शिलालेख उजेडांत आले. पहिला अपरादित्य राजाच्या काळचा, शके ११०६, म्हणजे इ. स. ११८४ चा. दुसरा शेजारच्या चौधरपाड्याचा. तो अपरार्काचा पुत्र केशिदेव याचा, शके ११६१ चा. इ. स. १२४० च्या माघांतील महाशिवरात्रीच्या पर्वावर, षोंपेश्वर महादेवाच्या संनिध, केशिदेवानें ब्रह्मपुरी दान दिली. आणि ती घेणारा होता सोमन नांवाचा एक कवि. या लेखांतलें बापग्राम म्हणजेच आम्ही येतांना ओलांडलेलें बापगांव. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं शिलाहारांचे सारे लेख एकत्र करून १९७७ सालीं प्रसिद्ध केले. त्या ग्रंथांत हेही लेख सांपडतात.

ब्रह्मपुरी म्हणजे विद्वान ब्राह्मणांची वसाहत. राजानें जमीन द्यावी, सारा माफ करावा, आणि वसलेल्या मंडळींनीं अध्ययन-अध्यापन करावें, देवाची पूजा चालवावी, अशी ती योजना असे. शिलाहारांच्या घराण्यास विद्येचें अगत्य होतें. याज्ञवल्क्यस्मृतीवरची अपरार्का ही प्रसिद्ध टीका याच वंशांतील अपरादित्य नांवाच्या राजाची; दत्तक, स्त्रीधन, वांटणी यांवर ज्यांच्या घरीं कधीं वाद झाला असेल, त्यांच्या वकिलानें तिचें नांव घेतलें असण्याचा संभव आहे. असो. अशा राजानें एका कवीस गांव द्यावें, यांत नवल नाहीं. नवल हें, कीं त्या कवीची एक ओळही आपणांस ठाऊक नाहीं. त्यानें काय लिहिलें, राजाची स्तुति केली कीं शिवाचें स्तोत्र रचलें, कोणास सांगतां येत नाहीं. कवीचें काव्य गेलें, आणि त्यास मिळालेल्या बिदागीची पावती तेवढी दगडावर उरली! (आडनांवानें सोमण असलेल्या वाचकांनीं घाईनें वंशावळी जुळवूं नयेत, ही नम्र विनंति. आमच्या शेजारच्या सोमणांनीं ती कालच जुळविली.)

हा दगड ज्या प्रकारचा आहे, त्यास गधेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मध्यें लेख, आणि खालीं एक चित्र. चंद्र-सूर्य आहेत तोंवर हें दान चालावें, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. खालचें चित्र म्हणजे दान मोडणारास दिलेली शिवी. ती मोठी अभद्र आहे, तिचें वर्णन या मासिकांत शोभणार नाहीं. चित्रांत एक गाढव आहे आणि एक स्त्री आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. कोंकणांत अशा शिळा पुष्कळ आहेत. अलिबागजवळ आक्षीस जी आहे, तिच्यावरील लेखाचा काल शके ९३४ असा वाचला गेला असून मराठीच्या जुन्यांत जुन्या लेखांत तिची गणना होते.

मी आत्याबाईंस वरचा भाग दाखवून खालचा भाग टाळावा, या बेतांत होतों. पण त्यांची नजर माझ्याहून तीक्ष्ण. "खालीं काय आहे रे?" मीं म्हटलें, "शाप आहे." "कोणाला?" "जो कोणी हें दान मोडील त्याला." त्यांनीं चष्मा सारखा केला, वांकून पाहिलें, आणि काय आहे तें त्यांच्या ध्यानांत आलें. थोडा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मोडणार मुलगा, आणि दगडावर कोरली त्याची आई. राजे असोत नाहीं तर आणखी कोणी, शिवी द्यायची झाली कीं बाईच सांपडते." हे लेख मीं वीस वर्षें वाचीत आलों, शापवचनांच्या भाषेवर एकदां व्याख्यानही दिलें होतें. हा मुद्दा त्यांत नव्हता.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगितला तरी चालेल, कारण लोणाडच्या वांट्याचा त्यांत फारसा कांहीं नाहीं. चौधरपाड्याच्या दानास पंचवीस-तीस वर्षें होतात न होतात तोंच यादव राजा महादेव यानें शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला. सोमेश्वर समुद्रांत बुडाला. यादव गेले, सुलतान आले. कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतला आणि येथल्या खाडींत गलबतें बांधूं लागले. लोणाडानें या सर्वांना सारा भरला असेल. खरा फटका बसला तो रेल्वेचा. १८५४ च्या मे महिन्यांत आगगाडी कल्याणास पोहोंचली, आणि पुढें १८६५ त थळ घाट चढून वर गेली. मिठाच्या गोणी बैलांच्या पाठीवरून वाघिणींत गेल्या. रूळ नदीच्या पलीकडून, टिटवाळ्यावरून गेले. आणि हजार-दीड हजार वर्षें वाटेवर असलेलें गांव वाटेबाहेर पडलें. म्हणूनच तर आमच्या वाडवडिलांस तें ठाऊक नव्हतें!

वाटेबाहेर पडलेल्या गांवाचें जें होतें तेंच झालें. आगरी, कुणबी शेतकरी भात पिकवीत राहिले. कातकरी, वारली डोंगराच्या आश्रयानें राहिले. दगड होते तेथेंच उभे राहिले, कारण कोणास त्यांची गरज नव्हती.

ती स्थिति आतां पालटली आहे, आणि हें लिहिण्याचें तेंच कारण. मुंबई महापालिका आपल्या हद्दींत शिरणाऱ्या मालावर जकात घेत असे. ती टाळावी, हद्दीबाहेर माल सांठवावा आणि लागेल तसा आंत न्यावा, म्हणून व्यापाऱ्यांनीं भिवंडी तालुक्यांतील ग्रामपंचायतींच्या जमिनींवर गोदामें उभारलीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, जकात गेली. आतां गोदामेंही जातील असें कांहींना वाटलें. उलट तीं वाढलीं. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत माल नेण्याची अडचण कमी झाल्यावर देशभराच्या मालाची एकाच ठिकाणीं मोठीं कोठारें करणें सोयीचें झालें, आणि बंदर, विमानतळ व आग्रा रोड जवळ असलेली भिवंडी त्यास हवी तशी सांपडली. त्यावर समृद्धि महामार्ग. नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता लोणाडच्या शेजारीं आमणें येथें येऊन थांबतो. त्याचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. म्हणजे घाटावरून उतरणारी वाट दीडशें वर्षांनीं पुन्हां त्याच डोंगराखालीं आली. बैलांचे तांडे नव्हेत, सोळा-अठरा चाकांच्या गाड्या; मीठ नव्हे, दूरदर्शनचे संच, औषधें, पोरांचीं खेळणीं.

गांवकऱ्यांस याचा राग नाहीं, आणि असावा असें आम्हांसही म्हणवत नाहीं. भाताच्या एका पिकावर ज्यांनीं पिढ्या काढल्या, त्यांस जमिनीचा मोबदला किंवा गोदामाचें भाडें मिळत असेल, तर शहरांत बसून त्यांस निसर्गप्रेमाचे पाठ देणारे आम्ही कोण? काळजी वाटते ती निराळीच. गोदामास सपाट भूमि लागते, रस्त्यास भराव लागतो, आणि भरावास डोंगर लागतो. ठाणें जिल्ह्यांतील कितीतरी टेकड्या खडीसाठीं अर्ध्या कापल्या गेल्या आहेत. आगगाडींतून जातां-येतां त्यांचीं उघडीं अंगें आपण पाहतों. शेतांत उभ्या असलेल्या एका कोरीव दगडास जेसीबीच्या एका फटकाऱ्यापेक्षां अधिक काय लागतें? आणि दान मोडणारास दिलेला तो शाप आतां कोणास वाचतां येतो, कीं भीति वाटावी?

एक गोष्ट आम्हांस दिवसभर मनांत टोंचत होती. दान ज्यांस मिळालें, ती ब्रह्मपुरी नाहींशी झाली. तींतलीं घरें गेलीं, पाठशाळा गेली, वेदघोष गेला. कोठें गेला, कधीं गेला, याची नोंद नाहीं. आमच्यासारख्यांचे पूर्वज बरा गांव पाहून निघून गेले असतील. आणि ज्यांनीं दान मोडूं नये म्हणून एवढी शिवी कोरून ठेवली, त्याच नांगरधाऱ्यांच्या वंशजांनीं आठशें वर्षें तो दगड राखला आहे. अक्षर वाचतां येत नसतां राखला आहे. नांगरास आडवा येतो म्हणून कोणीं फोडला नाहीं. जोत्याचा चिरा म्हणून कोणीं उचलून नेला नाहीं. कोंकणांत अशा शिळांस कोठें शेंदूर लावतात, कोठें नारळ फोडतात; कोठें भीतीनें पालथ्या घालतात, पण मोडीत नाहींत. वाचतां येणाऱ्या आम्हांस मात्र येथवर येण्यास शिवरात्रीची गर्दी कारण व्हावी लागली. पुतण्यानें शिळेचीं बरींच छायाचित्रें घेतलीं. उजेड तिरपा असतां, सकाळीं किंवा संध्याकाळीं, अक्षरें स्पष्ट उठतात, दुपारीं नव्हे. तो आपल्या मित्रांस घेऊन पुन्हां संध्याकाळच्या वेळीं येणार आहे. ज्यांच्या घरीं अशीं मुलें असतील, त्यांनीं तीं पाठवावीं. कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी बरोबर द्यावी, आणि खडू किंवा रंग मात्र दगडास लावूं देऊं नये.

परत निघतांना पाड्यावरच्या एका म्हातारबाईंनीं आत्याबाईंस बसावयास खाट दिली, आणि तांब्याभर पाणी आणून दिलें. उपवास आहे म्हणतांच रताळीं उकडून देतें म्हणाल्या. आमची खटपट त्या लांबून पाहत होत्या. "बाबा, तुम्ही वाचलंत ना? काय लिवलंय त्या दगडावर?" असें त्यांनीं मला विचारलें. मीं सांगितलें, कीं फार वर्षांमागें आजच्यासारख्याच एका शिवरात्रीस एका राजानें येथें एका कवीला जमीन दिली, आणि ती कोणी काढून घेऊं नये असें लिहून ठेवलें.

"कवी म्हंजे?"

"गाणीं करणारा."

त्यांनीं मान डोलावली. मग खाचरांकडे, पलीकडच्या पत्र्याच्या गोदामांकडे एकवार पाहून विचारलें, "मंग ते गेले कुठं?"

मीं आत्याबाईंकडे पाहिलें. त्या पाणी पीत होत्या.